समोरच्या कड्यावर

"पक्षी बघायचेत की चंद्र?" दुकानदाराने विचारलं.

"डोंगर," नवरा म्हणाला.

"त्यावर हलणारं काही?"

"नाही. एकाच जागी आहे."

"मग प्रश्नच मिटला. टेलिस्कोप घ्या." दुकानदाराने काउंटरवर तीन पायांचा स्टँड उभा केला आणि त्यावर लांब काळी नळी बसवली. साठपट मोठं दिसतं, म्हणाला. तीन किलोमीटरवरच्या माणसाच्या शर्टाचा खिसा दिसेल. फक्त तेवढाच तुकडा दिसतो, आजूबाजूचं काही नाही.

बायकोने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "ती कसली?"

"ती झूम दुर्बीण. आठपट ते चोवीसपट. हे बटण सरकवलं की जवळ, मागे घेतलं की लांब. पण ताई, खरं सांगू? एक ना धड, भाराभर चिंध्या. चोवीसवर नेली की चित्र अंधारतं, हातही थरथरतो."

"लांब केल्यावर किती दिसतं?"

"लांब केल्यावर? अख्खा डोंगर."

"ही द्या."

नवरा तिच्याजवळ सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, टेलिस्कोपातून त्याचा चेहरा तरी दिसला असता."

"ही द्या," ती दुकानदाराला पुन्हा म्हणाली.

दुकानदाराने दुर्बिणीला पट्टा लावला, भिंग पुसायला पिवळं फडकं फुकट दिलं आणि विचारलं, "फिरायला निघालात वाटतं?"

"हो," नवरा म्हणाला.

अकरा दिवसांपूर्वी त्यांचा मुलगा कडा चढताना पडला होता. सव्वीस वर्षांचा, एकुलता एक. नारिंगी जाकीट घातलेला तो अर्ध्या कड्यावरच्या एका अरुंद पायरीवर पडून होता. हेलिकॉप्टर दोनदा जवळून गेलं. तो गेला आहे, शंका नाही, असं बचाव पथकाने सांगितलं. वर कडा पुढे आलेला, त्यामुळे वरून दोर सोडता येत नव्हता. खालून चौघांनी चढून जायचं आणि त्याला उतरवायचं, एवढाच उपाय होता. त्यासाठी आईवडिलांचा लेखी अर्ज हवा होता, दोघांच्या सह्यांचा. नवऱ्याने तिथल्या तिथे सही केली. बायको म्हणाली, "मला तीन दिवस द्या." आणि नवऱ्याला घेऊन ती या दुकानात आली होती.

कड्यासमोरच्या विश्रामगृहात त्यांना एक खोली मिळाली. व्हरांड्यात तिने खुर्ची ओढून घेतली. सकाळच्या चहापासून ऊन उतरेपर्यंत ती दुर्बीण लावून बसायची. मधेच दुर्बिणीच्या खोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायची. तिने बावीस वर्षं दगडाच्या खाणीवर देखरेखीचं काम केलं होतं. रोज सकाळी आधी ती खाणीचा कडा बघून यायची, मग माणसं आत जायची. बसून बसून बघायची तिला सवय होती. नवऱ्याने रेघांबद्दल विचारलं नाही.

दोघांनाही रडू येत नव्हतं. पायाला मुंग्या आल्या की माणूस चिमटा काढून बघतो, तसं ते अधूनमधून एकमेकांना मुलाचं काहीतरी सांगून बघत.

"तीन वर्षांचा असताना कपाटावर चढून बसला होता," नवरा म्हणाला. "चढता आलं, उतरता येईना."

"तुम्ही स्टूल आणलंत."

"हो. स्टूल आणलं."

काहीच झालं नाही. तो आत जाऊन चादरीची घडी घालून आला.

"दिसतो?" तो विचारायचा.

"दिसतो. तुम्ही बघता का?"

"नंतर."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पथकाचा प्रमुख आला. मुलाच्याच वयाचा, उन्हाने नाकाची सालं निघालेली. त्याने व्हरांड्याच्या पायरीवर बूट झटकले आणि अर्ज काढून टेबलावर ठेवला.

"काकू, उद्या हवा चांगली आहे. सकाळीच निघू. आम्ही चौघं तयार आहोत."

नवऱ्याने तिच्यासमोर पेन धरलं. "कर सही. आणि ठेव आता ती दुर्बीण. उद्या तो खाली येतोच आहे. किती बघत बसशील त्याला?"

"त्याला पहिल्या दिवशी एकदाच बघितलं," ती म्हणाली. "तेव्हापासून वाट बघतेय."

"कोणाची?"

"कोणाची नाही. या पोरांना वर जायची वाट."

तिने खोकं उचलून प्रमुखाच्या हातात दिलं. "या रेघा मोज. तीन दिवसांत एकोणीस वेळा दगड आलेत. सगळे त्याच्या डाव्या हाताच्या घळीतून. तुम्ही चढणार ती हीच घळ ना?"

"हो."

"त्या दगडांना काही ठरलेली वेळ नाही. काल तर खडक तापायला ऊनही नव्हतं, तरी आले. वरचा ढलपा पार सुटलाय. वाट नाहीये तिथे, बाळा."

प्रमुखाने खोकं टेबलावर ठेवलं. त्याने रेघा मोजल्या नाहीत.

"माहितीये, काकू," तो म्हणाला.

"मग तयार आहोत कशाला म्हणालास?"

"काका रोज फोन करत होते."

शेजारच्या खोलीतून कोणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता. नवरा टेबलापाशी उभा होता. मग पुढ्यातला अर्ज त्याने सरळ केला आणि आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली. हात न उचलता, सावकाश. पेनाला टोपण लावलं. खुर्चीशेजारी येऊन तो गुडघ्यांवर बसला आणि बायकोच्या गळ्यातला पट्टा त्याने हलकेच वर उचलला.

"कुठे आहे तो?" त्याने विचारलं. "मला दाखव."