प्रबंधातलं एक वाक्य

नगरपालिकेच्या सभेत चारुशीलाच्या ग्रंथालयशास्त्राच्या प्रबंधातलं एकच वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं: 'या वाचनालयातून आता फारसं कुणी पुस्तक नेत नाही.' वाचनालय बंद करायचा ठराव लगेच मंजूर झाला.

ती धावतच नगराध्यक्षांकडे गेली. "साहेब, पुढचं वाक्य तरी वाचा. वर्षानुवर्षं नवं पुस्तक आलेलं नाही, म्हणून लोक नेत नाहीत. पुस्तकं आणा, असं लिहिलंय मी."

"मॅडम, अभ्यास तुमचाच आहे ना?" ते हसून म्हणाले. "त्या जागेत आता दुकानांचे गाळे निघतील."

आठवड्याभरानं हमाल पुस्तकं पोत्यांत भरत होते. पायरीवर म्हातारे शिंपी रमजानचाचा बसले होते. चारुशीलाच्या पाहणीत सगळ्यात मनमोकळी उत्तरं त्यांनीच दिली होती.

"ताई, तुम्ही म्हणालात, खरं सांगा, त्यातनं वाचनालयाचं भलं होईल. म्हणून सांगितलं, की इथलं सगळं वाचून झालंय, आता नुसता येऊन बसतो." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "खोटं सांगायला हवं होतं का?"

चारुशीला त्यांच्याशेजारी बसली. पोती टेम्पोत चढली, टेम्पो निघून गेला, तरी ती पायरीवरून उठली नाही.