लगाम ओढ

बारावी पास झाल्यावर माझ्या लेकीनं एकच मागितलं, दिवसभर घोडीवरून डोंगर हिंडायचा. आठवडाभर आम्ही बेत आखला: सकाळी राजूर सोडायचं, दुपारी तळ्यावर पाणी, दिवस मावळायच्या आत घरी. घोडी अवघी तीन वर्षांची, वरातीत नाचणारी. "भ्या वाटलं तर लगाम ओढ, थांबंल ती," मी चारदा बजावलं. "कळलं, अब्बा," ती हसली. मी मोटारसायकलवर मागोमाग होतो. घाटाच्या वळणावर समोरून डीजे वाजवत वऱ्हाडाचा टेम्पो आला. दरीच्या कडेलाच घोडी नाचू लागली. लेकीनं लगाम ओढताच घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. "लगाम सैल सोड," मी ओरडलो, पण डीजेपुढं माझं मलाच ऐकू येईना. वाजंत्री वाजताना लगाम ओढला की उंच नाचायचं, हे घोडीला मीच शिकवलेलं. लेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी लगाम ओढला.