टाळकऱ्यांसाठी सोडलेली ओळ

बोलता बोलता वैजयंतीने हात उंचावला, मागे वळून पाहिलं आणि गप्प झाली. मागे नुसती पांढरी भिंत होती.

मोठ्या लॉ फर्ममधल्या तिच्या उन्हाळी इंटर्नशिपचा हा शेवटचा आठवडा. फर्मचे प्रमुख रेगे सर यांच्यासमोर प्रत्येकाने एकेक खटला मांडायचा, त्यावरूनच नोकरी कुणाला ते ठरणार. तिचं निरूपण छान रंगलं होतं. “गोदामाच्या भाडेकरूला तीस दिवसांची नोटीस हवी होती. मालकाने नोटीस दिली चार जूनला आणि कुलूप ठोकलं वीस जूनला...” इथेच ती थांबली. वडिलांच्या कीर्तनात लहानपणापासून हेच पाहिलेलं : महाराजांनी ओळ अर्ध्यावर सोडायची, मागच्या टाळकऱ्यांनी ती उचलायची.

“विसरली बिचारी,” कुणीतरी कुजबुजलं. वैजयंतीची कानशिलं तापली. गेली नोकरी.

“म्हणजे सोळाच दिवस झाले की,” रेगे सर आपल्याच तंद्रीत बोलून गेले. “कुलूपच बेकायदा.” मग त्यांनी चष्मा काढला. “मुद्दाम थांबलीस?”

हो म्हणायचा मोह झाला, पण जीभ वळेना. “नाही सर. घरची सवय. आमच्याकडे पुढचं टाळकरी म्हणतात.”

“निकाल न्यायाधीशांच्याच तोंडून वदवावा, हे मी तीस वर्षं ज्युनिअरांना सांगतोय. एकालाही गप्प राहता येत नाही.” सर हसले. “परीक्षा झाली की रुजू हो. आणि वडिलांचं पुढचं कीर्तन कुठंय? आमचे चार वकील पाठवतो ऐकायला.”

“पाठवा की सर. पण त्यांना टाळ धरून उभं राहावं लागेल.”