दुसरी चाचणी

दोन ऑफिसांमधली ईमेल इतके दिवस मुख्य सर्व्हरवरून वळसा घालून जायची. आज सर्व्हरवाल्याने दोन्हीकडचे सर्व्हर थेट जोडून टाकले आणि हातासरशी चाचणीला बसला.

मास्तरांची शिस्त अंगात मुरलेली होती ना! मास्तर म्हणजे पलीकडच्या ऑफिसात बसणारे, त्याला बोट धरून हे काम शिकवणारे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचं एकच सांगणं असायचं, "बाळा, दोन ईमेल पाठवायच्या. पहिली जिवंत माणसाला, ती पोचली पाहिजे. दुसरी वारलेल्या माणसाच्या बंद पत्त्यावर, ती परत आली पाहिजे. तोवर चहालासुद्धा उठायचं नाही."

पहिली पोचली. दुसरी त्याने मास्तरांच्याच पत्त्यावर पाठवली. असते तर पोट धरून हसले असते.

दहा मिनिटं झाली, ती काही परत येईना. त्याने पलीकडे फोन लावला.

"अहो, मास्तरांचा पत्ता अजून चालू ठेवलाय का?"

"छे हो! ते गेले त्याच आठवड्यात मी माझ्या हाताने पुसलाय."

फोन ठेवतो न ठेवतो तोच पडद्यावर ईमेल आली. मास्तरांच्या पत्त्यावरून. त्याची परत आलेली नव्हे, तिकडून नव्याने लिहिलेली. त्याच्याच नावावर, एकच ओळ:

"चाचणी दुसरी. ही परत आली पाहिजे."