मॅच संपेपर्यंत गप्प

युरोपातल्या फुटबॉल मॅच आमच्याकडे, मलेशियातल्या इपोहमध्ये, पहाटे लागतात. माझे यजमान रोस्मान त्या रेकॉर्ड करतात आणि कामावरून आल्यावर बघतात. तोवर त्यांचा फोन बंद आणि माझं तोंड बंद.

आज मी दारातच उभी होते.

"अहो, ऐका ना."

"एक शब्द नाही. मॅच संपू दे."

"मॅचचं नाही हो. आई..."

"गेल्या वेळी अशीच सुरुवात करून गोल सांगितलास."

तिकडे सासरी, ताईपिंगला, दफनासाठी सगळे यांच्यासाठी खोळंबले होते. मी गप्प बसले. तेवढं चांगलं शिकवलंय त्यांनी मला.

टीव्हीवर खेळाडू मैदानाच्या मधोमध माना खाली घालून उभे राहिले. कुणीतरी वारलं होतं, म्हणून एक मिनिट शांतता. कॅमेरा स्टेडियमच्या मोठ्या पडद्याकडे वळला.

पडद्यावर माझ्या सासूबाई होत्या. परसातल्या रंबुतानच्या झाडाखाली, निळा स्कार्फ बांधून.

मिनिट संपेना. प्रेक्षकांतला एकेक जण कॅमेऱ्याकडे बघू लागला.

"आईला काय झालंय?" त्यांनी विचारलं. "अगं, सांग ना."

मी रेकॉर्डिंगची वेळ पुन्हा बघितली. मॅच पहाटेची होती. सासूबाई आज दुपारी गेल्या.