निरंक

कारखान्यात लेथ मशीनवर लोखंडी शाफ्ट फिरत होता. अण्णांनी डोळे मिटले आणि लेकीला विचारलं, "ऐक बरं. टूल बोथट झालंय का?"

सुलक्षणाला नुसती घरघर ऐकू आली. बाराव्या वर्षी हाच आवाज ऐकून ती बिनचूक सांगायची. पण इंजिनियर झाल्यावर तिला वडिलांच्या चार माणसांच्या कारखान्यात हात काळे करायचे नव्हते. तिनं मोठी कंपनी धरली. अठरा वर्षांनी, परवा ती सोडली, तेव्हा नियमाप्रमाणे ओळखपत्र, लॅपटॉप आणि डोक्यातलं सगळं तंत्र तिथं जमा करून आली. खुर्चीत वीस मिनिटं बसवलं, कानामागे गार पट्टी लावली, शिकलेलं सगळं काढून घेतलं, झालं.

"कंपनीनं शिकवलेलं खुशाल काढून घ्यावं," अण्णा उखडले. "मी शिकवलेलं कसं नेलं त्यांनी?"

"रुजू होताना एक फॉर्म होता, अण्णा. 'आधीपासून येणारी कामं' असा रकाना होता. तिथं लिहिलेलं तेवढं आपलं. बाकी सगळं कंपनीचं."

"मग तू काय लिहिलंस?"

"निरंक."

अण्णांनी मशीन बंद केलं. शाफ्ट फिरायचा थांबला. मग ते हळूच म्हणाले, "सहा वर्षं शिकवलं गं तुला."

सुलक्षणाला ती वर्षं आठवत होती. आठवणीत अण्णा तिचा हात धरून, मान हलवत, किती मन लावून काहीतरी समजावत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण एकही शब्द ऐकू येत नव्हता.