चिठ्ठीवरचा नंबर

आयर्लंडमधल्या डून लेरीच्या समुद्राकाठी गाडी मागे घेताना माझ्या मुलाने, पियूषने, शेजारच्या उभ्या गाडीचा आरसा मोडला. आसपास कुणी नव्हतं. मी खाली उतरले. “आई, बस गाडीत. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या हद्दीबाहेर आलोय, दंड होईल. समुद्र बघायचा हट्ट तुझाच!” “माझाच. म्हणून पळायचं? चिठ्ठी लिही, नाव आणि नंबर. तोवर मी बसणार नाही.” त्याचे बाबा स्कूटरचा नुसता धक्का लागला तरी उतरून घरचा पत्ता देत. याने पुटपुटत दुकानाच्या पावतीमागे काहीतरी खरडलं, कागद त्या गाडीच्या वायपरखाली खोचला. “झालं समाधान?” मी चष्मा लावून वाचलं. या पिढीला बायकोचा नंबरसुद्धा फोनला विचारावा लागतो. मला वाण्याचा, गॅसवाल्याचा, याच्या हॉस्टेलचाही अजून तोंडपाठ आहे. “पियूष, तुझ्या नंबरच्या शेवटी एक आहे, सात नाही.” “तुला पाठ आहे?” “आहे. खोड आणि नीट लिही.”